दिवसभर बसता येईल अशी सीट: मोटारसायकलची बैठक दुरुस्त करण्याची पूर्ण पद्धत

वेरूळचा घृष्णेश्वर, औंढ्याचा नागनाथ आणि परळीचा वैद्यनाथ ही तिन्ही ज्योतिर्लिंगं एका फेरीत करायला मराठवाड्यातून पुष्कळ जण मोटारसायकलवर निघतात. संभाजीनगरहून जालना, मंठा, जिंतूर करत औंढा, तिथून परभणी-गंगाखेडवरून परळी, मग बीड-गेवराईवरून परत. हा फेरा साडेपाचशे किलोमीटरच्या वर जातो. समृद्धी महामार्गावर दुचाकीला परवानगी नाही, त्यामुळे सगळी वाट गावागावांतून, गतिरोधकांवरून आणि काळ्या मातीवर खचलेल्या डांबरावरून. पहिला तास मजेत जातो. मंठ्याच्या पुढे माणूस सीटवर मागेपुढे सरकायला लागतो, जिंतूरला उतरला की पाय फाकवून चालतो, आणि परळीहून परत निघताना गाडीकडे बघायची इच्छा उरत नाही.

घरी आल्यावर तो सीटवाल्याकडे जातो आणि सांगतो, "अजून दोन इंच फोम टाका, मऊ करा." काम बिघडतं ते इथे. दुकानात हाताने दाबल्यावर छान वाटणारी मऊ सीट शंभर किलोमीटरनंतर जुन्या सीटपेक्षा जास्त त्रास देते. असं का होतं हे कळलं, तर पुढचं सगळं काम सोपं जातं.

मऊ सीट का फसते

बसल्यावर धडाचं वजन मुख्यतः कुल्ल्यांखालच्या दोन हाडांवर येतं. त्यांना आपण बसायची हाडं म्हणू. फोम फार मऊ असेल तर ही हाडं त्यात बुडत जाऊन खालच्या प्लॅस्टिकच्या किंवा पत्र्याच्या बैठकीला टेकतात. फोम दिसतो तीन इंच, पण प्रत्यक्षात तुम्ही बसलेले असता जवळजवळ प्लॅस्टिकवर. त्यात हाडं बुडाली की आजूबाजूचा फोम वर उचलला जातो, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि मधल्या नाजूक भागाला दाबतो, रक्तप्रवाह अडतो आणि मुंग्या येतात.

फार कडक सीटवर उलटं होतं. हाडं बुडत नाहीत, पण सगळा भार दोन छोट्या ठिपक्यांवर राहतो. चांगली सीट खालून घट्ट, वरून थोडी नरम आणि हाडांच्या जागी पुरेशी रुंद असते. बसल्यावर फोम आपल्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश ते निम्मा दबावा. त्याहून जास्त दबला तर खड्ड्याचा धक्का झेलायला काही शिल्लक राहत नाही.

आधी दुखणं नेमकं ओळखा

कात्री लावण्याआधी एक लांब फेरी मारा आणि कुठे, किती वेळाने दुखायला लागलं ते लिहून ठेवा. "बूड दुखतं" एवढ्या सांगण्यावर कोणताही कारागीर नीट काम करू शकत नाही.

दोन ठिपक्यांवर आग होते आणि ती अर्ध्या-पाऊण तासात सुरू होते, तर फोम बसला आहे किंवा मुळातच पातळ आहे. मांडीच्या आतल्या बाजूला कापल्यासारखं होत असेल तर सीटचा पुढचा भाग रुंद आहे, त्याची कड धारदार आहे किंवा कव्हरची शिवण तिथे येते. माकडहाड दुखतं ते बहुतेक वेळा माणूस कंबर गोल करून, मागे रेलून बसतो म्हणून. हँडल लांब असेल किंवा मागच्या सीटची पायरी खेटत असेल तरी ते होतं. मधला भाग बधिर होत असेल तर तुम्ही पुढे टाकीकडे घसरताय. सीटचा उतार पुढे आहे किंवा रेक्झिन गुळगुळीत आहे. गुडघे आखडतात तेव्हा सीट खाली बसलेली असते, आणि कमरेत धक्के बसतात तेव्हा दोष बऱ्याचदा सीटचा नसून मागच्या शॉकॲब्सॉर्बरचा असतो.

फोम बसला आहे का हे बघायला दोन चाचण्या पुरतात. सीटच्या रुंदीवर लोखंडी किंवा लाकडी सरळ पट्टी आडवी ठेवा. बसायच्या जागी पट्टीखाली १० मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसली आणि नवीन सीटला तसा खोलगा नव्हता, तर फोम थकला आहे. दुसरी चाचणी: गाडीवर नेहमीसारखं बसा, तळहात वर करून एका बाजूच्या हाडाखाली सरकवा. हाताच्या मागच्या बाजूला खालचं कडक प्लॅस्टिक स्पष्ट लागलं, तर फोम बदलल्याशिवाय गत्यंतर नाही.

फुकटात होणारी कामं

ही आधी करा. निम्म्या तक्रारी इथेच संपतात आणि सीट उघडावी लागत नाही.

पहिलं, मागच्या खिशातलं पाकीट आणि मोबाइल काढा. एका बाजूला दीड सेंटीमीटर उंचवटा आला की कमरेचं हाड तिरपं बसतं, पाठ वाकते आणि दोन तासांनी कुल्ल्यातून पायात कळ जाते. लोक सीटला दोष देत राहतात.

दुसरं, टायरमधली हवा. चेनकव्हरवर किंवा मागच्या दांड्यावर चिकटवलेला आकडा बघा आणि टायर थंड असताना तेवढीच भरा. पंपावर "मागे चाळीस टाका" म्हणणारे खूप आहेत. एवढी हवा भरली की टायर दगडासारखं होतं आणि रस्त्याचा प्रत्येक कंगोरा पाठीत जातो.

तिसरं, मागचा शॉकॲब्सॉर्बर. बहुतेक गाड्यांना त्याच्या तळाशी पाच खाचांचं कडं असतं, ते टूलकिटमधल्या वाकड्या पान्याने फिरतं. नेमकं लावायला तीन माणसं आणि एक टेप हवी. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन मागचं चाक अधांतरी ठेवा, आणि चाकाच्या ॲक्सलपासून सरळ वर बॉडीवरच्या एका खुणेपर्यंत अंतर मोजा. मग स्टँड काढा, तुम्ही नेहमीचं सामान घेऊन दोन्ही पाय फूटरेस्टवर ठेवून बसा, एकाने गाडी धरावी, दुसऱ्याने तेच अंतर पुन्हा मोजावं. दोन्हींतला फरक चाकाच्या एकूण वरखाली हालचालीच्या साधारण तीस टक्के यावा. म्हणजे हालचाल १०० मिलिमीटर असेल तर ३० च्या आसपास. फरक जास्त आला तर कडं पुढच्या, म्हणजे स्प्रिंग जास्त दाबणाऱ्या खाचेत घ्या, कमी आला तर मागे. दोन शॉक असतील तर दोन्हीकडे एकच खाच ठेवा. मागे माणूस बसवून निघणार असाल तर मोजणी त्याला बसवूनच करा.

शॉक गेलेला असेल तर कडं फिरवून काही होणार नाही. मागून गाडी जोरात दाबून सोडा. एकदा वर येऊन थांबली तर ठीक. दोन-तीनदा झुलत राहिली किंवा शॉकच्या दांड्यावर तेलाचा ओलावा दिसला, तर आधी शॉक बदला. खराब शॉकवर उत्तम सीट बसवून पैसे वाया जातात.

चौथं हँडल. बसल्यावर कोपर किंचित वाकलेले राहावेत आणि धड अगदी थोडं पुढे झुकावं. पूर्ण ताठ बसलं की खड्ड्याचा धक्का सरळ मणक्यात जातो, फार झुकलं की मनगटं आणि मान जाते. हँडलच्या क्लॅम्पचे बोल्ट सैल करून ते चार-पाच अंश मागे फिरवून बघा. वर उचलायचं असेल तर २० ते २५ मिलिमीटरचे रायझर मिळतात. यानंतर इंजिन मंद चालू ठेवून हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवा. कुठेही इंजिनाचा आवाज आपोआप वाढला तर ॲक्सिलरेटरची केबल ताणली जात आहे. अशी गाडी रस्त्यावर नेऊ नका, वळणावर ती स्वतःहून वेग घेईल. ब्रेकची नळी ताणत नाही ना हेही त्याच वेळी बघा.

आणि कपडे. जीन्सच्या चार जाड शिवणी जिथे एकत्र येतात ती जागा नेमकी तुमच्या वजनाखाली येते. लांबच्या वाटेला सपाट शिवणीची, थोडी सैल पँट घाला. आतली सुती चड्डी घाम धरून ठेवते आणि एप्रिल-मे महिन्यात तीच सोलते. घाम लवकर वाळणारी, मांडीपर्यंत येणारी खेळाडूंची चड्डी बरी. सायकलवाल्यांची गादीची चड्डी चालते, पण पातळ गादीची घ्या. जाड गादी सायकलच्या अरुंद सीटसाठी केलेली असते, मोटारसायकलवर तिची कडच टोचते.

सीटवर टाकायच्या वस्तू

वर्षातून दोन-तीनदाच लांब जाणाऱ्याने सीट फाडायची गरज नाही, वरून काहीतरी टाकूनही भागतं.

हवेची गादी सगळ्यांत उपयोगी आणि सगळ्यांत जास्त चुकीची वापरली जाणारी वस्तू आहे. लोक ती टम्म फुगवतात आणि फुग्यावर बसल्यासारखे डुलतात. आधी थोडी जास्त हवा भरा, तिच्यावर बसा, मग झडप उघडून हवा हळूहळू सोडा. हाडं सीटपासून एक-दीड सेंटीमीटर वर तरंगत आहेत असं वाटलं की बंद करा. सकाळी भरलेली हवा दुपारच्या उन्हात प्रसरण पावते, म्हणून दुपारी पुन्हा थोडी सोडावी लागते.

जाळीचं कव्हर दाब कमी करत नाही, हवा खेळती ठेवतं. मराठवाड्यात पारा बेचाळीसच्या वर जातो तेव्हा तेवढंच मोलाचं ठरतं. जाळी किमान १० मिलिमीटर जाडीची आणि दाबल्यावर चपटी न होणारी हवी.

जेलची गादी सावलीत थंड लागते, आणि तुळजापूरला दर्शनाला जाऊन दोन तासांनी आलात की तव्यासारखी तापलेली असते. जेल उष्णता साठवतं आणि लवकर सोडत नाही. वापरायचीच असेल तर उतरताना उचलून सोबत घ्या किंवा वर पांढरं फडकं टाका.

घडी केलेली घोंगडी हा आपल्याकडचा जुना उपाय आहे आणि तो खरोखर चांगला आहे. लोकर घाम शोषते आणि ओली असतानाही चिकटत नाही. अडचण घसरण्याची. दोन घड्या पुरेत, त्याखाली कपाटात अंथरायची रबरी जाळी ठेवा आणि रुंद इलॅस्टिकचे दोन पट्टे सीटखालून शिवून घ्या. दोरीची गाठ वर येऊ देऊ नका.

मापं घ्या

सीट बनवून घ्यायची ठरली, तर आधी बसायच्या हाडांमधलं अंतर माहीत हवं. खोक्याचा नालीदार पुठ्ठा कडक ओट्यावर किंवा दगडी पायरीवर ठेवा. पायाखाली वीट घ्या म्हणजे गुडघे थोडे वर येतील. पातळ कपड्यावर पुठ्ठ्यावर बसा, किंचित पुढे झुका, मिनिटभर थांबा. उठल्यावर दोन खळगे दिसतील. बोटाने चाचपून दोन्हींचा सर्वांत खोल बिंदू पेनाने खुणवा आणि अंतर मोजा. साधारणपणे ते १० ते १५ सेंटीमीटरमध्ये येतं. त्या जागी सीटची सपाट रुंदी या अंतराच्या दोन्ही बाजूंना किमान चार-पाच सेंटीमीटर जास्त हवी. म्हणजे अंतर १२ असेल तर २० ते २२ सेंटीमीटर सपाट, आणि त्यापुढे गोलाई. रुंदी आहे पण सगळी गोल, पाठ फुगलेली, अशी सीट उपयोगाची नाही. हाडं बाहेरच्या उतारावर पडतात आणि कुल्ले फाकतात.

मग गाडीवर नेहमीसारखे बसा आणि खडूने हाडांची जागा सीटवर खुणवा. हाडं मोजून आणलेल्या पुठ्ठ्याचाच छाप वापरा. मांडी सीटच्या कडेला जिथे घासते तिथेही रेघ मारा. या खुणा कारागिराला द्या. खुणा नसतील तर तो त्याच्या अंदाजाने काम करील, आणि त्याचा अंदाज त्याच्या बुडाचा असेल.

फोम ओळखायचा कसा

गादीवाले, सोफावाले आणि रिक्षाचे हूड-सीट शिवणारे या तिघांकडे फोम मिळतो. "डेन्सिटी" सगळेच सांगतात, तपासून कोणी दाखवत नाही. तपासणं मात्र सोपं आहे. १० बाय १० बाय १० सेंटीमीटरचा तुकडा कापा आणि किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवा. जेवढे ग्रॅम भरेल तेवढीच त्याची घनता किलो प्रति घनमीटरमध्ये. ४० ग्रॅम म्हणजे ४०. चाळीसची सांगून अठ्ठावीसची दिली असेल तर तिथेच कळतं.

घनता आणि कडकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घनता फोम किती दिवस टिकेल ते सांगते, कडकपणा आज कसा लागेल ते. चाळीसचा फोम मऊही मिळतो आणि कडकही. त्यामुळे वजन करा आणि अंगठ्याने दाबूनही बघा.

एचआर (हाय रेझिलियन्स) फोम उसळी घेणारा असतो. हातभर उंचीवरून काचेची गोटी सोडली की ती चांगली अर्ध्यापर्यंत परत उडते. साध्या पीयू (पॉलियुरेथेन) फोमवर ती त्याहून कमी उठते. मोटारसायकलला वरच्या थरासाठी ४० ते ५० घनतेचा एचआर घ्या. खालच्या थराला रिबॉन्डेड फोम, म्हणजे फोमचे रंगीबेरंगी तुकडे दाबून केलेली पाटी, ८० ते १०० घनतेची. मेमरी फोमचा सध्या फार गाजावाजा आहे. तो तापमानाप्रमाणे वागतो. मे महिन्याच्या दुपारी परभणीत तो लोण्यासारखा सपाट होतो आणि डिसेंबरच्या पहाटे त्याच परभणीत लाकडासारखा घट्ट. घ्यायचाच असेल तर वरच्या बाजूला १० मिलिमीटरहून जास्त नको, आणि खाली कडक थर असल्याशिवाय तर नकोच. थर्माकोल, चादरीचे तुकडे, काथ्या यांपैकी काही भरू देऊ नका. काथ्या पावसात कुजतो, थर्माकोल रबर सोल्यूशनने विरघळतो.

सीट उघडून काम

शक्य असेल तर जुन्या सीटला हात न लावता भंगारवाल्याकडून त्याच मॉडेलची दुसरी सीट घ्या आणि तिच्यावर काम करा. बिघडलं तर मूळ सीट शाबूत राहते.

सीट काढल्यावर आधी खालची बाजू बघा. तिथे चार ते आठ रबरी गुट्टे असतात, ज्यांवरून तुमचं वजन चेसिसवर जातं. एखादा गुट्टा गळून पडला असेल तर बैठकीचं प्लॅस्टिक तिथे वाकतं, कुरकुरतं आणि शेवटी तडकतं. सीट एका बाजूला झुकल्यासारखी वाटते ती यामुळेही. हरवलेले गुट्टे आधी लावा.

कव्हरच्या स्टेपलरच्या पिना चपट्या स्क्रूड्रायव्हरने उचकटून पकडीने ओढा. कव्हर टाकून देऊ नका, नव्याचं माप त्यावरूनच निघतं. खडूच्या खुणा फोमवर उतरवून घ्या आणि विणकामाची सुई उभी खुपसून हाडांखाली किती जाडी आहे ते मोजा.

फोम थकला असेल तर हाडांच्या जागेवरचा वरचा २५ मिलिमीटर थर काढा. लांब पातळ पात्याने, पातं आडवं धरून, हलक्या हाताने. खाली जुना फोम किमान २० मिलिमीटर राहिला पाहिजे. नवा खड्डा हाडांच्या खुणांपेक्षा सर्व बाजूंनी चार-पाच सेंटीमीटर मोठा ठेवा आणि त्याच्या कडा पंचेचाळीस अंशांत तिरप्या कापा. सरळ उभ्या कडा ठेवल्या तर अर्ध्या तासात त्या बांधासारख्या जाणवतात, कितीही चांगलं कव्हर घाला.

खड्ड्यात खाली २० मिलिमीटर रिबॉन्डेड, त्यावर १५ मिलिमीटर एचआर, आणि शेवटी संपूर्ण सीटवर एकसंध ५ मिलिमीटरचा मऊ थर. उंची दहा-पंधरा मिलिमीटर वाढते. पाय जमिनीला जेमतेम पोचत असतील तर खालचा थर तेवढा कमी करा. सिग्नलला गाडी सावरता न येणं हे बूड दुखण्यापेक्षा वाईट.

पुढे घसरत असाल तर पुढे फोम वाढवण्यापेक्षा हाडांच्या जागी उथळ, सपाट खोलगा करा, म्हणजे पुढचा भाग आपोआप थोडा उंच राहतो. पाण्याच्या लेव्हलने बघा. गाडी स्टँडवरून काढून, तुम्ही बसलेले असताना, तो भाग समतल किंवा किंचित मागे उतरता हवा. मांडी घासते तिथे कडेचा फोम ग्राइंडरवर ८० नंबरच्या पॉलिशपेपरची चकती लावून गोल करा. तोंडावर मास्क आणि डोळ्यांवर चष्मा लावूनच, कारण फोमची धूळ फुफ्फुसात जाते. सीटखालचा चेसिस कापून किंवा वाकवून सीट खाली घ्यायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. गाडीची ताकद जाते आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असे बदल करू देत नाही.

चिकटवायला रबर सोल्यूशन. दोन्ही पृष्ठभागांना पातळ हात मारा, बोट लावल्यावर चिकटेल पण बोटाला येणार नाही एवढं सुकू द्या, मग एकदाच नीट बसवून दाबा. दहा-पंधरा मिनिटं लागतात. उन्हाळ्यात मात्र ते तीन-चार मिनिटांतच वाळून जातं, म्हणून काम सकाळी करा आणि थोडा थोडा भाग घ्या. सोल्यूशन जाड लावलं की वाळल्यावर त्याचा कडक पापुद्रा होतो आणि तो नेमका हाडांखाली टोचतो. वजनाच्या जागी अगदी पातळ, कडांना थोडं जास्त.

आता सगळ्यांत महत्त्वाची पायरी, जी जवळपास कोणीच करत नाही. कव्हर शिवण्याआधी गाडी चालवून बघा. फोमवर जुनं धोतर किंवा चादरीचा तुकडा ताणून बांधा, खालून चिकटपट्टीने पक्का करा आणि किमान तासभर सलग जा. संभाजीनगरहून वेरूळ जाऊन-येऊन साठ किलोमीटर होतात, लातूरहून औसा जाऊन-येऊन चाळीस. दुकानासमोर पाच मिनिटं बसून काहीही कळत नाही. दुखण्याची जागा बदलली असेल तर परत या, पाच मिलिमीटर इकडेतिकडे करा, पुन्हा जा. दोन-तीन फेऱ्यांत जमतं. कव्हर लागल्यावर हे स्वातंत्र्य उरत नाही.

कव्हर

चांगला फोम खराब कव्हरने वाया जातो. कापडाच्या ताणत्या अस्तराचं, खरबरीत रेक्झिन घ्या. काळ्यापेक्षा राखाडी किंवा फिकट तपकिरी उन्हात कमी तापतं. शिवण हाडांखाली आणि मांडीच्या घासण्याच्या रेघेवर येऊ देऊ नका, ती बाहेर खाली न्या. दोरा पॉलिएस्टरचा, टाके साधारण ४ मिलिमीटरचे. बारीक टाके मजबूत वाटतात, पण रेक्झिनला तिकिटासारखी भोकं पडून ते त्याच रेघेवर फाटतं.

पावसासाठी फोमवर पातळ, मऊ प्लॅस्टिकचा कागद ताणून घाला आणि मग कव्हर. शिवणीतून पाणी गेलं की फोम स्पंजासारखा भरतो, आणि ऊन लागेपर्यंत चड्डी ओली करत राहतो. कागद जाड घेतला तर बसताना चुरचुर आवाज येतो.

पिना मारताना क्रम पाळा. पुढचा मध्य, मागचा मध्य, मग दोन्ही बाजूंचे मध्य, शेवटी कोपरे. रेक्झिन आधी वीस मिनिटं उन्हात ठेवा, नरम पडतं. पिना स्टेनलेस स्टीलच्या, ६ ते ८ मिलिमीटरच्या. लांब पिना पातळ कडेला वर टोचतात आणि साध्या लोखंडी पिना एका पावसात गंजून तुटतात. सुरकुती दिसू नये म्हणून कारागीर कव्हर ढोलासारखं ताणतात. तसं केलं की मऊ थराचा उपयोगच संपतो, वजन फोमऐवजी ताणलेल्या रेक्झिनवर येतं. अंगठ्याने दाबा. कव्हर लावण्याआधी जेवढा दबत होता जवळपास तेवढाच दबला पाहिजे. कोपऱ्यात एखादी सुरकुती राहिली तर राहू द्या.

मागे बसणाऱ्याची जागा

तिचा विचार सगळ्यांत शेवटी होतो, म्हणून ती सगळ्यांत वाईट असते. मागच्या माणसाला धरायला हँडल नसतं आणि खड्डा दिसत नाही, त्यामुळे त्याला धक्का जास्त बसतो. मागची सीट समतल हवी. पुढे उतरती असेल तर प्रत्येक ब्रेकला तो तुमच्या पाठीवर येतो आणि तुम्ही टाकीवर. दोन्ही सीटमधली पायरी ३० ते ४० मिलिमीटर पुरते, आणि तिची पुढची कड तुमच्या माकडहाडाला लागणार नाही एवढी मागे घ्या. साडी नेसून एका बाजूला दोन्ही पाय घेऊन बसणाऱ्या बाईचं वजन सीटच्या कडेवर येतं, तिथे फोम लवकर बसतो आणि तिची कंबर पूर्ण वेळ पिळलेली राहते. लांबच्या वाटेला सलवार किंवा पँट घालून दोन्हीकडे पाय टाकून बसणं हाच खरा उपाय. गावातल्या वापरासाठी त्या बाजूच्या कडेला आतून रिबॉन्डेडची दोन इंच रुंद पट्टी घाला.

वाटेत

सीट कितीही चांगली असली तरी साठ-सत्तर किलोमीटरला उतरा. चहाच्या टपरीवर खुर्चीत बसू नका, पुन्हा त्याच हाडांवर वजन जातं. दोन मिनिटं उकिडवं बसा, मग उभं राहून कमरेतून वाकून पायाचे अंगठे धरायचा प्रयत्न करा. चालत्या गाडीवर दर पंधरा मिनिटांनी बैठक दोन-तीन सेंटीमीटर मागेपुढे करा. मोकळा, सरळ रस्ता दिसला की वेग कमी करून फूटरेस्टवर दहा सेकंद उभे राहा. खड्डा समोर दिसला की बुडाचा भार आधीच पायांवर घ्या.

गाडी कडुलिंबाच्या सावलीत लावा आणि सावली सरकणार आहे हे लक्षात ठेवून लावा. उन्हात लावावी लागली तर सीटवर ओलं फडकं टाका. त्वचा लाल होऊन चुरचुरायला लागली तर पाण्याने धुऊन, पूर्ण कोरडं करून, खोबरेल तेल किंवा व्हॅसलिनचा पातळ हात लावा. घामावरच लावलं तर काही उपयोग होत नाही. बधिरपणा उतरल्यावर दहा-पंधरा मिनिटांत गेला पाहिजे. तो तासन्‌तास राहिला तर प्रवास थांबवून डॉक्टरांना दाखवा. पायात जोर वाटेना किंवा लघवीवर ताबा राहत नाही असं झालं तर त्याच क्षणी दवाखाना गाठा.

नव्या फोमला बसायला पाचेकशे किलोमीटर लागतात आणि तेवढ्यात तो थोडा मऊ होतो, म्हणून सुरुवातीला किंचित कडक लागली तरी घाईने बदलू नका. हजार किलोमीटर झाल्यावर पुन्हा ती सरळ पट्टी आडवी ठेवून फट मोजा आणि आकडा लिहून ठेवा. पावसाळा संपल्यावर सीट काढून उलटी करा, खालची पाणी जायची भोकं काडीने मोकळी करा, पिनांवर गंज दिसतो का बघा, आणि ओल असेल तर सीट कव्हरसकट दोन-तीन दिवस सावलीत, वाऱ्यावर, उभी ठेवा.